उद्घाटने नव्हे, उड्डाणे मोजा

मुंबई आणि हैदराबाद ही दोन शहरे नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा नळदुर्गच्या उत्तरेस थोड्याच अंतरावरून जाते. बोरी नदीच्या काठी किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या मुलांना आकाशातील विमान त्यामुळे अपरिचित नाही. मात्र ही विमाने या मुलखाची कधीच नव्हती. ती वरून जात आणि खालच्या माणसाने मान वर करून पाहावे, एवढाच त्यांचा व या प्रदेशाचा संबंध असे. २०२५ साली या स्थितीत फरक पडला. नळदुर्गपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून रोजी गोव्याची आणि १५ ऑक्टोबर रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. हा दुसरा दिवस योगायोगाने भारतीय विमान वाहतुकीचा जन्मदिवसच होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाचे विमान अहमदाबादमार्गे मुंबईला आणले होते.

अशा प्रसंगी आनंद व्हावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु आनंदाच्या भरात एक साधा प्रश्न विसरला जातो. विमानतळ चालतो आहे की नाही, हे कशावरून ठरवावयाचे? फीत कापल्यावरून, धावपट्टीच्या लांबीवरून, की तेथे प्रत्यक्ष किती विमाने उतरली व किती उडाली यावरून? आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टींचा गाजावाजा होतो आणि तिसरीची नोंद सामान्य वाचकाच्या हाती क्वचितच येते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की, ही तिसरी गोष्ट मोजली गेली पाहिजे, ती जाहीर झाली पाहिजे आणि जे नागरिक ती स्वतःहून मोजू इच्छितात त्यांच्याकडे संशयाने पाहणे बंद झाले पाहिजे.

विमाने पाहणे, त्यांचा प्रकार ओळखणे आणि त्यांच्या अंगावरील क्रमांक वहीत टिपून ठेवणे, हा जगातील अनेक देशांत रुजलेला छंद आहे. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानावर ‘व्हीटी’ ही अक्षरे व त्यापुढे आणखी तीन अक्षरे असतात. त्यांवरून ते विमान कोणाचे, कोणत्या बनावटीचे, हे सांगता येते. हल्ली बहुतेक विमाने आपले स्थान, उंची व वेग यांचे संकेत स्वतःच प्रसारित करतात आणि हौशी लोक लहानशा यंत्राच्या साहाय्याने ते घरबसल्या टिपतात. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. पण त्याचा इतिहास पाहिला म्हणजे तसे म्हणवत नाही. १९४० साली ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले होत असताना, किनारा ओलांडून आत शिरलेल्या विमानांचा माग काढण्याचे काम मुख्यतः साध्या नागरिकांच्या निरीक्षक दलाने केले. १९४१ साली राजाने त्या दलास ‘रॉयल’ ही उपाधी दिली, ती उगाच नव्हे. अलीकडचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. २००१ नंतर अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने संशयितांना गुप्तपणे एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यासाठी जी विमाने वापरली, त्यांचा छडा लावताना युरोपातील हौशी निरीक्षकांनी टिपलेले क्रमांक आणि काढलेली छायाचित्रे पत्रकारांना मोलाची ठरली. म्हणजे या वहीचा उपयोग राज्यसंस्थेला शत्रूविरुद्ध झाला, तसाच नागरिकाला राज्यसंस्थेचा जाब विचारण्यासाठीही झाला.

आकाशातील ये-जा कोणाच्या माहितीत असते आणि कोणाच्या नसते, याचे मोल नळदुर्गच्या परिसराला निराळे सांगावयास नको. १९४८ साली हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. संस्थानाची आर्थिक नाकेबंदी झालेली असताना सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची लँकास्ट्रियन विमाने कराचीहून रात्री उडत आणि बिदर, वरंगळ यांसारख्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवीत. याबद्दल पुढे इंग्लंडमध्ये त्याला झालेली शिक्षा म्हणजे अवघा २०० पौंड दंड! शस्त्रे कोणाविरुद्ध वापरली जाणार होती, हे मराठवाड्यातील गावोगावच्या लोकांना रझाकारांच्या कृत्यांवरून ठाऊक होते. परंतु रात्री कोठे कोणते विमान उतरले, हे त्यांना कळण्यास मार्ग नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय फौज सोलापूरकडून निघाली. तिची पहिली महत्त्वाची चकमक झाली ती नळदुर्गला. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या पुढे राजेश्वरजवळ दबा धरून बसलेल्या सैन्यावर भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी मारा केला. याप्रमाणे एकाच वर्षात या प्रदेशाने रात्री चोरून येणारी विमाने आणि दिवसाढवळ्या मुक्तीच्या बाजूने आलेली विमाने, अशी दोन्ही अनुभवली. ज्या बिदरला तेव्हा शस्त्रे उतरत, त्या बिदरला २०२० साली प्रवासी विमानसेवा सुरू झाली. ती पुढे खंडित झाली व पुन्हा सुरू करावी लागली. आजच्या विषयाचे मर्म या सुरू होण्यात आणि खंडित होण्यात आहे.

लहान गावे विमानाने जोडण्याची कल्पना नवी नाही. १९८१ साली ‘वायुदूत’ ही कंपनी याच हेतूने स्थापन झाली. तोट्याच्या भाराखाली ती वाकली आणि १९९३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. त्यानंतरचा मोठा प्रयत्न म्हणजे ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेली ‘उडान’ योजना. तिचे गणित समजण्यास सोपे आहे. कंपनीने विमानातील ठरावीक जागा सवलतीने विकावयाच्या, ज्यांचा एका तासाच्या प्रवासाचा दर मूळ योजनेत सुमारे २,५०० रुपये होता. त्यामुळे येणारी तूट तीन वर्षांपर्यंत सरकारने भरून द्यावयाची. यासाठी लागणारा पैसा मोठ्या शहरांमधील उड्डाणांवर आकारणी करून उभा केला जातो आणि सर्वसाधारण राज्यांना तुटीचा एक पंचमांश वाटा उचलावा लागतो. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहील, ही त्यामागील अपेक्षा.

ही अपेक्षा किती फळाला आली, हे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात आकड्यांनिशी मांडले आहे. पाहणीत घेतलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण करणारे केवळ ११२ निघाले. आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले मार्ग होते ५४, म्हणजे एकूण मार्गांच्या शेकडा सात. शंभर मुलांनी शाळेत नाव घालावे आणि शेवटच्या इयत्तेपर्यंत सातच पोहोचावीत, असे घडले तर ते शिक्षण खाते आपला पट अभिमानाने मिरवील काय?

महाराष्ट्रातील उदाहरणे या आकड्यांना रक्तमांस देतात. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी योजनेतील पहिल्या उड्डाणांना हिरवा कंदील दाखविला, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. ती सेवा चालविणारी ट्रूजेट कंपनी २०२२ साली बंद पडली आणि नांदेडकरांना पुन्हा विमान दिसण्यास २०२४ उजाडावे लागले. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या थाटात झाले. मुंबईची सेवा कराराची मुदत सरताच २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली. लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) हे पाच विमानतळ २००९ साली ९५ वर्षांच्या मुदतीने अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहातील कंपनीकडे सोपविण्यात आले. अपेक्षित विकास झाला नाही आणि ते परत घेण्याच्या खटपटीत सरकारला पडावे लागले. धाराशिव जिल्ह्यातील माणसाला विमान पकडावयाचे तर त्याला जिल्ह्याबाहेरच जावे लागत आले आहे, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

सोलापूरचीच कथा पाहा. येथे किंगफिशर कंपनीची सेवा येऊन बंद पडली, त्यास दीर्घ काळ लोटला. पुढे विमानतळाच्या मार्गात अडथळा ठरते म्हणून सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. कारखाना हजारो ऊस उत्पादक सभासदांचा. त्यांच्या विरोधाची धार शहराने अनेक वर्षे पाहिली होती. चिमणी पडल्यानंतर पहिले नियमित विमान उडावयास जवळजवळ दोन वर्षे लागली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यानंतरही सव्वाआठ महिने धावपट्टीवर नियमित सेवेचे विमान आले नाही. अखेर मुंबईच्या मार्गासाठी तूट भरून देण्याचा भार उडानच्या धर्तीवर राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीवर घेतला. ही तिजोरी नळदुर्गच्या बसस्थानकावर एस.टी.ची वाट पाहणाऱ्या माणसाच्या करांतूनही भरते. विमानात तो कधी बसणार नसेल, तरी ते उडाले की नाही हे विचारण्याचा त्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्याइतकाच पक्का आहे.

प्रश्न येथेच संपत नाही. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने नळदुर्गकडे येताना वाटेत बोरामणी लागते. तेथे मोठा नवा विमानतळ उभारावयाचा म्हणून सुमारे साडेपाचशे हेक्टर जमीन संपादन करण्यात आली. सुमारे ३३ हेक्टर वनजमीन आणि माळढोक पक्ष्याच्या अधिवासाचा प्रश्न यांत तो प्रकल्प वर्षानुवर्षे अडकून राहिला. शेतकऱ्याची जमीन गेली, माळढोक तर या माळरानावरून दिसेनासा होत चालला आणि विमान तेवढे आले नाही. अशा वेळी जुन्या विमानतळावरील प्रत्यक्ष वाहतुकीची खरी नोंद हाच नव्या विमानतळाची गरज ठरविण्याचा प्रामाणिक आधार ठरू शकतो. होटगी रस्त्यावर विमाने भरून जात असतील, तर बोरामणीच्या मागणीला बळ येईल. ती रिकामी जात असतील किंवा वारंवार रद्द होत असतील, तर आणखी जमिनीचा प्रश्न पुन्हा तपासावा लागेल.

यावर कोणी म्हणेल की, भारतीय विमानतळ प्राधिकरण आपल्या विमानतळांवरील विमाने व प्रवासी यांचे मासिक आकडे प्रसिद्ध करतेच. मग वेगळी नोंद कशासाठी? प्राधिकरणाचे हे काम प्रशंसनीय आहे. परंतु नुसत्या बेरजेतून सर्व गोष्टी उघड होत नाहीत. विमान वाहतुकीच्या हिशेबात प्रत्येक उतरणे व प्रत्येक उडणे स्वतंत्रपणे मोजले जाते. वैमानिक प्रशिक्षण केंद्रातील विद्यार्थी सकाळभर घिरट्या घालून धावपट्टीला चाके टेकवून पुन्हा उडत असेल, तर त्या एका विमानाच्या खाती डझनावारी नोंदी जमा होतात. त्यामुळे एखाद्या धावपट्टीवर वर्षाकाठी हजारो हालचाली दिसतील आणि त्यांतून एकही प्रवासी गेलेला नसेल. प्रशिक्षण वाईट आहे असे नव्हे; देशाला वैमानिक हवेतच. पण प्रशिक्षण, मंत्र्यांचे दौरे, उद्योगपतींची खासगी विमाने, रुग्णवाहू विमाने आणि नियमित प्रवासी सेवा यांची खाती वेगवेगळी दाखविल्याखेरीज विमानतळ कोणाच्या उपयोगी पडतो हे कळणार नाही.

तीच गोष्ट रद्द होणाऱ्या फेऱ्यांची. समजा, ७६ आसनांचे विमान आठवड्यातून चार दिवस जाऊन-येऊन सेवा देते. वर्षाला सुमारे ३१,६०० जागा झाल्या. दहांतील एक फेरी रद्द झाली, तर ३,१०० हून अधिक जागा नाहीशा झाल्या. ज्याची मुंबईच्या रुग्णालयातील वेळ चुकली किंवा मुलाखत हुकली, त्याचे नुकसान कोणत्याही बेरजेत दिसत नाही. येथे निरीक्षकाची वही कामास येते. तारीख, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, विमानाचा प्रकार, त्याची अक्षरे आणि हवामान, एवढ्या सहा रकान्यांत पुष्कळ काही समजते. लहान कंपन्यांकडे विमाने मोजकी असतात आणि एकच विमान दिवसभरात चार-पाच गावे हिंडते. सकाळी दुसऱ्या राज्यात धुक्यामुळे ते अडकले की सायंकाळची आपली फेरी कोलमडते. अक्षरांची नोंद ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला हे कारण महिन्याभरात उमगेल आणि ‘तांत्रिक अडचण’ या ठरीव शब्दांवर त्याला विसंबावे लागणार नाही. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र हे तीन विषय एका वहीत शिकविण्याची यापेक्षा स्वस्त सोय शिक्षकांना कोठे मिळेल?

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. १९३७ च्या विमान नियमावलीतील तेराव्या नियमाने सरकारी विमानतळावर परवानगीवाचून छायाचित्रे घेण्यास मनाई केली. त्या काळी साम्राज्याला आपल्या धावपट्ट्या झाकून ठेवावयाच्या होत्या. पुढे स्वतंत्र भारतालाही सीमेवरील तळांची गुप्तता राखणे भागच होते आणि आजही आहे. लष्करी तळांजवळ हा छंद कोणी करू नये, याविषयी दुमत नाही. परंतु नागरी विमानतळाच्या कुंपणाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून विमानाची अक्षरे टिपणारा माणूस हेर ठरत नाही. २००१ साली ग्रीसमध्ये अशा १४ परदेशी छंदिष्टांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, शिक्षाही झाल्या आणि वर्षभराने अपिलात ते सर्व निर्दोष सुटले. २०१० साली दिल्लीत विमानतळानजीकच्या हॉटेलातून विमानांची टिपणे करणाऱ्या दोन ब्रिटिश पाहुण्यांना अटक होऊन अखेर दंडावर सोडण्यात आले. याउलट १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात परदेशी विमानाने खरोखरीच शस्त्रांचा पाऊस पाडला, तेव्हा सरकारी यंत्रणा त्यास अडवू शकली नाही. सकाळी शेतात पडलेल्या पेट्या प्रथम दिसल्या त्या गावकऱ्यांना. सावध नागरिक हा सुरक्षिततेतील छिद्र नसून तिचा एक आधार आहे, हा त्या घटनेचा धडा होय.

१९३४ च्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे. जुन्या नियमांचा नव्याने विचार करण्यास ही योग्य संधी आहे. नागरी विमानतळांबाहेरून पाहणे व नोंद ठेवणे यांस मुभा आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहिले जावे आणि मनाईची जागा नेमकी कोणती, हे फलकावर दाखविले जावे. पोलीस शिपायाच्या मर्जीवर हा निर्णय सोडणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. दुसरे असे की, ज्या विमानतळावर जनतेच्या पैशाने तूट भरली जाते, त्याने दरमहा एक पानी तक्ता प्रसिद्ध करावा. ठरलेल्या फेऱ्या, झालेल्या फेऱ्या, रद्द फेऱ्या व त्यांची कारणे, प्रवासी, इतर विमाने प्रकारवार आणि त्या महिन्यात दिलेली तूटभरपाई, एवढे त्यात असले की पुरे. तिसरे म्हणजे, सार्वजनिक मालकीच्या परंतु नियमित सेवा नसलेल्या धाराशिव व लातूरसारख्या धावपट्ट्यांनाही हाच नियम लागू असावा. तेथे काहीच घडत नसेल, तर तो कोरा तक्तादेखील जनतेला पाहू द्यावा.

लहान विमानतळांना विरोध करण्याचा येथे हेतू नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा, उमरगा आणि औसा या तालुक्यांत जो आकांत मांडला, त्याची आठवण ज्यांना आहे, ते संकटकाळी जवळ धावपट्टी असण्याचे मोल कमी लेखणार नाहीत. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात परंडा तालुक्यात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, ही तर कालपरवाची गोष्ट. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या प्रदेशाने विमानाची मागणी करणे ही चैन नव्हे. पण मागणी रास्त असली म्हणजे तिच्या नावाने होणारा प्रत्येक खर्च रास्त ठरतो, असे मात्र नाही. विमानसेवा सुरू होते तेव्हा वृत्तपत्रांत पहिल्या पानावर छायाचित्र येते. ती बंद पडते तेव्हा चार ओळींची बातमी आतल्या पानात जाते, आणि कित्येकदा तीही येत नाही. या दोन बातम्यांमधील काळाचा हिशेब ठेवणे लोकप्रतिनिधींचे काम आहे, प्रशासनाचे आहे आणि आता विमाने आपल्याच अंगणात उतरू लागली असल्याने आपलेही आहे. शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी एखादी वही त्यासाठी राखून ठेवावयास हरकत नाही. पुढच्या उद्घाटनाला कोणी पाहुणे आले, तर मागच्या उद्घाटनानंतर किती विमाने उडाली, हे त्यांना अचूक सांगता येईल.